खिसेकाकांचे तीन फ्यूज

माझे हात लहानपणापासून काडीसारखे. आईला त्याची फार काळजी. या हातांनी पोरगी कसलं काम करणार, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. पुढे खोक्यांच्या कारखान्यात मला नोकरी लागली ती नेमकी या हातांमुळे. साहेबांनी माझ्या अर्जाकडे पाहिलं नाही, तोंडाकडेही पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही चालेल. हिचा हात आत जाईल."

आत म्हणजे खळीच्या मशीनच्या आत. दोन जाडजूड लोखंडी रूळ एकमेकांना जवळजवळ चिकटून फिरायचे. खालचा रूळ हौदातली खळ उचलायचा, ती पुठ्ठ्याला लावायचा, आणि पुठ्ठा पुढे जाऊन त्याचं खोकं व्हायचं. दर तीन-चार तासांनी रुळांच्या मागे खळ सुकून दगड व्हायची, त्यात कागदाचे तुकडे अडकायचे. ते खरवडून काढायला बाजूच्या लहानशा झरोक्यातून खांद्यापर्यंत हात आत घालावा लागायचा. पुरुषांचे हात कोपरापाशीच अडायचे. माझा सरळ आत. तिथे माझं नाव काडी पडलं आणि एकोणतीस वर्षं तेच राहिलं. शेवटची दहा वर्षं मी चांगली गरगरीत झाले होते, तरीही काडीच.

हे मशीन बंद-चालू करायचा खटका होता मशीनच्या पाठीमागे, भिंतीवरच्या पेटीत. ज्याच्या सुपीक डोक्यातून ही जागा निघाली, त्याला मी आजही मनातल्या मनात शिव्या घालते. खटक्यापाशी उभं राहिलं की झरोक्यापाशी बसलेलं माणूस दिसायचंच नाही. मध्ये सगळं मशीन आणि चहूकडे इतर मशीनचा धडधडाट. कुणी हाका मारल्या तरी ऐकू जाणार नाहीत. म्हणजे माझा हात रुळांत आणि खटका दुसऱ्याच्या हातात, असा मामला. आम्हाला मात्र त्यात काही वावगं वाटत नव्हतं. रोजचं काम म्हटलं की माणूस फारसा विचार करत नाही.

एक माणूस मात्र त्याशिवाय दुसरा कसलाच विचार करत नव्हता. तो म्हणजे आमचा वायरमन. उंच, थोडा पोक काढून चालणारा, चाळिशी ओलांडलेला, लग्न न केलेला, बोलणं मोजकं. निळ्या शर्टाला दोन्ही बाजूंनी मोठे खिसे, खिशांना झाकण आणि झाकणाला बटण. तसे शर्ट बाजारात मिळत नसत, तो शिवून घ्यायचा. त्या खिशांवरून आम्ही सगळे त्याला खिसेकाका म्हणायचो. त्याच्या तोंडावर म्हणायचो आणि तो ओ द्यायचा.

मशीन साफ करायची वेळ झाली की काका आधी खटका खाली ओढायचे. तेवढ्यावर त्यांचं समाधान नाही. पेटी उघडून आतले चिनी मातीचे पांढरे तीन फ्यूज एकेक करून उपसायचे, तिन्ही खिशात टाकायचे आणि खिशाचं बटण लावायचं. मग पुढे येऊन मला सांगायचे, "घाल हात." माझं काम होईपर्यंत तिथेच उभे. काम झालं की मी त्यांच्यासमोर जाऊन दोन्ही हात वर करायचे. ते विचारायचे, "दोन्ही?" मी म्हणायची, "दोन्ही." तेव्हा कुठे बटण निघायचं. झरोक्यात दोघी-तिघींनी हात घातला असेल, तर प्रत्येकीला वेगळं विचारायचे. एकीने सगळ्यांच्या वतीने सांगितलेलं चालत नसे.

आम्ही त्यांची टिंगल करण्यात काही कमी ठेवलं नाही. काका, पायही दाखवू का? काका, नाक राहिलंय बघायचं. तीन फ्यूज उपसायचे, परत बसवायचे, यात पाच-सात मिनिटं जायची आणि साहेबांचा जीव वरखाली व्हायचा. साहेबांना आम्ही घड्याळसाहेब म्हणायचो, कारण ते बोलताना माणसाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघायचे. ते म्हणायचे, "खटका ओढला की झालं ना? फ्यूज काय खिशात उबवायला नेता?" काका उत्तर द्यायचे नाहीत आणि ऐकायचेही नाहीत. सगळ्या कारखान्यात त्यांच्याएवढा धडधाकट माणूस नव्हता. अंगावर एक ओरखडा नाही, दहाची दहा बोटं शाबूत, आणि भीती मात्र सगळ्यांत जास्त. आम्ही सरळ म्हणायचो, काका घाबरट आहेत.

एकदा मला मस्ती सुचली. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते, घरी लहान मुलगी होती, तरी अंगातला पोरकटपणा गेला नव्हता. मशीन साफ करून काकांसमोर गेले आणि एकच हात वर केला. दुसरा पाठीमागे लपवला. त्यांनी विचारलं, "दोन्ही?" मी तोंड पाडून म्हटलं, "एकच राहिला, काका."

मैत्रिणी खिदळल्या. काका हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ते मागच्या पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर मटकन बसले. मी घाईघाईने दुसरा हात पुढे केला, दोन्ही हात त्यांच्या डोळ्यांसमोर नाचवले, "अहो गंमत केली, हे बघा." त्यांनी माझा लपवलेला हात मनगटाला धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग उठून फ्यूज बसवले. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी मैत्रिणींना म्हटलं, म्हाताऱ्याला थट्टाही कळत नाही. हे बोलल्याची लाज मला पुढे फार वाटली, अजून वाटते.

आता स्टोअरबाईंबद्दल सांगायला हवं. कारखान्याच्या भांडाराची खिडकी आमच्या मशीनपासून वीस पावलांवर. खिडकीत या बाई बसायच्या, कपाळावर कायमच्या आठ्या. साधा हातमोजा मागितला तरी आधी फाटलेला दाखवा म्हणायच्या. जुनं दिल्याशिवाय नवं नाही, हा त्यांचा कायदा. झाडूचा नुसता दांडा घेऊन जा आणि नवा झाडू आणा, पण दांडा हवाच. माझा त्यांच्यावर भारी राग. एकदा माझी साबणाची वडी खरंच संपली होती. आता संपलेली वडी दाखवणार कशी? त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं.

तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपारचे बारा वाजून गेले होते. रुळांमागे पुठ्ठ्याचा मोठा तुकडा अडकला होता. काकांनी नेहमीप्रमाणे खटका ओढला, फ्यूज उपसले, खिशात टाकून बटण लावलं. मी गुडघ्यावर बसून झरोक्यात हात घातला, गाल लोखंडाला टेकला. तसं बसलं की समोरची भिंत सोडून काही दिसायचं नाही. तुकडा घट्ट बसला होता. मी खरवडत होते.

तेवढ्यात ऑफिसातला शिपाई धावत आला आणि काकांना म्हणाला, "तुमच्या घरून फोन आला. तुमचे दादा जिन्यावरून पडले, दवाखान्यात नेलंय."

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच जाणवलं की काका शेजारून पळत गेले. मला वाटलं, आलेच परत. काका काही परत आले नाहीत. ते तसेच फाटकातून बाहेर पडले होते, तिन्ही फ्यूज खिशात घेऊन.

घड्याळसाहेबांनी त्यांना पळताना पाहिलं. दुपारी माल न्यायला गाडी यायची होती आणि शंभरेक खोकी कमी होती. ते खटक्यापाशी आले. पेटी उघडी, आत फ्यूज नाहीत. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वायरमन घरी गेला म्हणजे साफसफाई उरकली, हे ते धरूनच चालले. पुढे येऊन बघायला दहा पावलं चालावी लागली असती. ते दहा पावलं पुढे आले नाहीत, वीस पावलं भांडाराकडे गेले.

आमच्या मशीनचे फ्यूज सगळ्यांत मोठे, दुसऱ्या कुठल्या मशीनचे त्यात बसत नसत. नवे भांडारातच मिळणार. साहेबांनी खिडकीवर हात आपटला आणि तीन फ्यूज मागितले.

"जुने द्या," बाई म्हणाल्या.

"जुने त्या वायरमनच्या खिशात आहेत. तो गेला घरी."

"म्हणजे जळालेले नाहीत. मग नवे कशाला?"

"अहो बाई, गाडी येतेय. मी सांगतोय ना?"

"तुम्ही सांगताय ते ऐकू आलं. जुने आणा, नवे न्या."

साहेबांनी आवाज चढवला, बाईंनीही चढवला. साहेब म्हणाले नोकरी घालवीन. बाई म्हणाल्या खुशाल घालवा, पण फ्यूज मिळणार नाहीत. हे सगळं चाललं असताना मी आत खांद्यापर्यंत अडकून पुठ्ठ्याशी झटापट करत होते, आणि काका इथेच कुठेतरी आहेत, फ्यूज त्यांच्या खिशात आहेत, या भरवशावर अगदी निवांत होते. गाणंही गुणगुणत होते.

शेवटी तुकडा निघाला. मी हात बाहेर काढला, उठले आणि सवयीने दोन्ही हात वर केले. समोर कुणी नव्हतं. खिडकीपाशी गर्दी दिसली म्हणून तशीच तिकडे गेले, कोपरापर्यंत खळीने माखलेली. साहेब म्हणत होते, "दोन मिनिटांत मशीन चालू करतो, तुम्ही फ्यूज द्या फक्त."

मी विचारलं, "कुठलं मशीन?"

सगळे माझ्याकडे वळले. साहेबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. खळ अजून ओली होती, थेंब थेंब खाली पडत होती. त्यांना सगळं उमगलं आणि मलाही. घरी वाट पाहणारी माझी मुलगी डोळ्यांसमोर आली, आणि का कोण जाणे, तिचे विस्कटलेले केसच आठवले. रोज सकाळी मी ते विंचरून दोन वेण्या घालायची. मी तिथेच फरशीवर बसले.

साहेब म्हणाले, "मला वाटलं झालं असेल."

स्टोअरबाई खिडकी सोडून बाहेर आल्या. त्या कधीच बाहेर यायच्या नाहीत. त्यांनी माझे हात आपल्या पदराने पुसले.

तेवढ्यात भांडाराला लागूनच असलेल्या ऑफिसात फोन वाजला. साहेबांनी उचलला. काकांचा होता, दवाखान्यातून. खिशात हात घातल्यावर फ्यूज त्यांच्या हाताला लागले होते. साहेब म्हणाले, "फ्यूज घेऊन कुठे गेलात?" पलीकडून उत्तर न येता माझीच चौकशी झाली, ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यांनी मला आत बोलावून फोन माझ्या हातात दिला.

काका धापा टाकत होते. म्हणाले, "काडी? तूच आहेस ना?"

"मीच आहे, काका."

"दोन्ही?"

मला रडूच फुटलं. रडत रडत मी म्हटलं, "दोन्ही." त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मशीन त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंद होतं आणि माल न्यायला आलेली गाडी अर्धी रिकामी गेली.

दुसऱ्या दिवशी काकांना मालकांनी बोलावलं. कारखान्याची वस्तू बाहेर नेली, काम खोळंबलं, लेखी खुलासा द्या. मी आणि स्टोअरबाई त्यांच्या बाजूने बोलायला गेलो. मी तर भांडायच्याच तयारीने गेले होते. पण काकांनी आम्हाला बोलूच दिलं नाही. म्हणाले, "चूक माझीच आहे. फ्यूज नेले, ती नव्हे. ही आत असताना मी हललो, ती चूक." कागद तसाच टेबलावर राहिला आणि पुढे त्याचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

एका गोष्टीचा मात्र मला भयंकर राग आला. बाहेर आल्यावर काका घड्याळसाहेबांपाशी गेले. साहेब आदल्या दिवसापासून कुणाशी नजर मिळवत नव्हते. काका त्यांच्याशेजारी बाकावर बसले, चहा मागवला आणि दोघं चहा पीत बसले. ज्याने माझा हात घालवला असता, त्याच्याशी चहा कसला पिता? मी काकांना तसं तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "त्याला झोप नाही लागलेली. कळतं मला ते."

त्या रविवारी मी मुलीला घेऊन काकांच्या घरी गेले, दादांना बघायला. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. काकांच्या वहिनींनी दार उघडलं. दादा म्हणजे काकांचे मोठे भाऊ, खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. डाव्या मनगटाला प्लास्टर. उजव्या बाजूला शर्टाची बाही खांद्यापाशी दुमडून शिवलेली. आत हात नव्हता. काका बाजूला स्टुलावर बसून त्यांना कपाने चहा पाजत होते.

मी दारातच थबकले. दादांनी ते पाहिलं आणि हसले. "ये गं. तूच ती काडी ना? बस. याच्या चहाची वाट बघत बसू नकोस. तो एका वेळी एकालाच पाजतो."

काका आत गेल्यावर दादांनी मला सांगितलं. वय एकोणीस होतं तेव्हा काकांचं. दोघं भाऊ एकाच कागद कारखान्यात होते, दादा फिटर आणि हे त्यांच्या हाताखाली. दादा रुळाखाली वाकून नट आवळत होते, खटका पलीकडे होता. "त्याला वाटलं, माझं झालं," दादा म्हणाले. "बस, एवढंच. वाटलं. हात माझा गेला आणि रडतोय हा. पंचवीस वर्षं रडतोय. मी कितीदा सांगितलं, अरे, मी तर तुझ्या वहिनीशी भांडायला लागणारं तोंड शाबूत ठेवलंय, मला काही कमी नाही."

वहिनी आतून म्हणाल्या, "ते तोंड मशीनने नेलं असतं तर मी पेढे वाटले असते."

दादा खो-खो हसले. माझी मुलगीही कळो न कळो हसली. मला हसू येईना. मी पाठीमागे लपवलेला तो हात, काकांचा पांढरा पडलेला चेहरा, त्यांनी धरून ठेवलेलं माझं मनगट, सगळं एकदम आठवलं. काका चहा घेऊन बाहेर आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "काका, त्या दिवशीच्या गमतीची माफी मागते." ते म्हणाले, "कुठली गंमत?" त्यांना चांगलं आठवत होतं. तेवढं मला कळलं.

जाताना मी सहज म्हटलं की स्टोअरबाईंच्या आडमुठेपणाने मला वाचवलं. काका पहिल्यांदा थोडे हसले. कारखान्यात लागले त्याच वर्षी त्यांनी बाईंना विनवून ठेवलं होतं. बाकी काही द्या, पण फ्यूज जुना हातात आल्याशिवाय नवा कुणाला देऊ नका, मालक आले तरी. बाईंना हे इतकं पटलं की त्यांनी ते सगळ्याच वस्तूंना लागू केलं. म्हणजे माझी साबणाची वडीही काकांनीच बुडवली होती. सोमवारी मी आपणहून खिडकीपाशी गेले आणि बाईंशी बोलायला लागले. पुढे आम्ही रोज एकत्र जेवायचो.

त्या दिवसानंतर काकांनी फ्यूज आपल्या खिशात ठेवणं सोडलं. ज्याचा हात आत जाणार, त्याच्याच ताब्यात फ्यूज. आम्हा बायकांना खिसे नव्हते, म्हणून वहिनींनी जाड कापडाच्या लहान पिशव्या शिवल्या, कमरेला बांधायच्या, बटणाच्या. नुकते उपसलेले फ्यूज कोमट असायचे. मी झरोक्यात हात घालून बसायची आणि कमरेपाशी ती ऊब लागायची. खळीचा आंबूस वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि पोटापाशी ती ऊब. काका मात्र तरीही समोर उभे राहायचे आणि काम झालं की विचारायचे, "दोन्ही?" आता टिंगल कुणी करत नव्हतं. घड्याळसाहेबही कधीमधी येऊन उभे राहायचे, घड्याळाकडे न बघता.

काका निवृत्त झाले. पुढे ते मशीन गेलं, नवं आलं. त्याला जाळी होती आणि जाळी उघडली की ते आपोआप बंद पडायचं. प्रत्येकाला स्वतःचं लाल कुलूप मिळालं, किल्ली ज्याची त्याच्याकडे. शिकवायला आलेल्या मुलीने पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं की ज्याचा हात, त्याचं कुलूप. छान शिकवलं तिने. मी मागच्या बाकावर बसून कमरेची पिशवी चाचपत होते.

काका दर रविवारी सकाळी फोन करायचे. इकडचं तिकडचं काही नाही. "दोन्ही?" "दोन्ही, काका." मग दादांची, वहिनींची खुशाली आणि फोन खाली. मी निवृत्त झाल्यावर त्यांना म्हटलं, "आता कुठलं मशीन, काका? आता घरीच असते मी." ते म्हणाले, "मिक्सर धुताना प्लग काढतेस का?" मी काढत नव्हते. तेव्हापासून काढते. काढून ओट्यावर समोर ठेवते, दिसेल असा.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. मी जाऊन आले. दादा त्याच खुर्चीत बसले होते, खूप म्हातारे दिसत होते, आणि त्यांच्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती. रोज सकाळी ती काका लावायचे. मी ती लावली.

पुढचा रविवार मला फार जड गेला. त्याच्या पुढचाही. त्या वेळेला मी उगाच फोनच्या आसपास काहीतरी आवरत राहायची. तिसऱ्या रविवारी मी मिक्सर धूत होते आणि फोन वाजला. ओल्या हातानेच उचलला.

पलीकडे दादा होते. घसा खाकरला त्यांनी.

"तो विचारायचा ना, ते आता मी विचारणार," ते म्हणाले. "दोन्ही?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं.

"दोन्ही आहेत, दादा."